घराण्याचं नाक

आपलं नाक आपल्याला कधी धड दिसत नाही. एक डोळा मिटला तर कडेला काहीतरी धूसर दिसतं, तेवढंच. नाक बघतात ते दुसरे, त्यामुळे त्याबद्दलची मतंही दुसऱ्यांचीच. 'नाकीडोळी नीटस' हे प्रमाणपत्र मुलीला विचारून थोडंच देतात!

आमच्याकडे मधोमध उंचवटा आणि शेंडा किंचित खाली, असं नाक पणजोबांपासून चालत आलंय. भाचीला ते बदलून घ्यायचं होतं. "आत्या, तूच चल. बाबांना नेलं तर ते दवाखान्यातच रुसून बसतील." मी गेले. ज्या नाकाला ती कंटाळली होती, हुबेहूब तेच घेऊन मी तिच्या शेजारी बसले होते. तिच्या हे लक्षात आलं नाही. डॉक्टरांच्या आलं. एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून त्यांनी चष्मा पुसला.

तिने मोबाइलमधले सेल्फी पुढे केले. डॉक्टर म्हणाले, हा पुरावा मी धरत नाही. एका फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ साली गणितानं दाखवलंय. "आधी फोन दुसऱ्याच्या हातात द्या. ते काम फुकटात होतं."

मग ते खऱ्या कामाकडे वळले. पूर्ण भूल. हाडाचा उंचवटा घासायचा, कूर्चेला आकार द्यायचा. कूर्चा कमी पडली तर कानामागून किंवा बरगडीतून घ्यायची. आठवडाभर नाकावर पट्टी, डोळ्यांखाली काळंनिळं, नाक शिंकरायला बंदी. चष्मा काही आठवडे नाकावर टेकवायचा नाही. संगणकावर दाखवतात ते चित्र म्हणजे अंदाज, वचन नव्हे. काहींना दुसऱ्यांदाही टेबलावर यावं लागतं. आणि सूज? बरीचशी लवकर उतरते, पण शेंड्याची पूर्ण जायला वर्षही लागतं.

"वर्ष?" भाचीचा आवाज बसला.

मला वेगळीच काळजी. डॉक्टर वर्षभर निकाल राखून ठेवतील, पण आमचे नातेवाईक आठव्या दिवशी दारात उभे राहून निकाल देऊन जातील. निम्मे म्हणतील, "काय केलंस हे!" उरलेल्यांना काही केलंय हे कळणारच नाही. यातलं जास्त काय लागेल, ते मला सांगता येत नाही.

तसं या कामात पुण्याला नाक वर करून बोलायचा हक्क आहे. कावसजी नावाचा बैल हाकणारा गडी इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभरानं पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस जातीनं वीटकरी. अशा नाकाची त्यांची रीत अशी, की आधी मेणाचं नाक घडवायचं, ते सपाट करून कपाळावर ठेवायचं, कडेनं रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवून, भुवयांमध्ये एक पट्टी जोडलेली ठेवून, वळवून खाली बसवायची. वरून कापडाला काथ लावून पट्ट्या, नंतर तुपात भिजवलेलं कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापायची. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'नं हे छापलं, आणि १८१४ साली कार्प्यू नावाच्या सर्जननं तिथे तसंच करून पाहिलं. काथ आणि तूप! आमच्या आजीच्या फडताळातलं सामान. कावसजीनं कुणाला 'पुढून कसा दिसेन' विचारलं नसेल. नाक आहे, एवढ्यावरच तो खूश असणार.

निघताना डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. "ताई, तुम्हाला रात्री तोंडानं श्वास घ्यावा लागतो का?" लागतो. त्यांनी टॉर्च मारून आत डोकावलं. मधला पडदा वाकडा निघाला. तो सरळ करता येईल, बाहेरून नाक आहे तसंच राहील, आणि श्वासाचा त्रास असल्यामुळे विमा कंपनी बहुधा पैसे देईल. दिसण्यासाठी केलेल्या कामाचे मात्र सहसा देत नाही.

रिक्षात भाची लकडी पुलापर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे जे कुणाला दिसणारच नाही त्याचे पैसे मिळणार?"

"हो," मी म्हटलं.

तिनं तारीख घेतलेली नाही. माझी पुढच्या सोमवारची आहे.