अर्घ्य उपग्रहाला

माझं घड्याळ अगदी साधं आहे, असं मी सगळ्यांना सांगतो. साधं म्हणजे 15 हजारांचं. धावणाऱ्यांच्या जगात याला 'एंट्री लेव्हल' म्हणतात. एवढे मोजून माणूस नुसता दारात उभा राहतो, आत शिरायचे वेगळे.

पहाटे साडेपाचला सोसायटीच्या फाटकाशी मी हात वर करून उभा असतो. वीस हजार किलोमीटर उंचीवरचे किमान 4 उपग्रह सापडेपर्यंत मला पाऊल उचलायची परवानगी नाही. वॉचमनला वाटतं, साहेब सूर्याला अर्घ्य देतायत. सूर्य अजून उगवायचाय, हे तो सभ्यपणे बोलत नाही.

उंच इमारतींच्या गल्लीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि नकाशातली रेघ झिंगल्यासारखी चालते. काल तर मी समोरच्या इमारतीत घुसून पलीकडून बाहेर पडलो. रेघ वाकडी झाल्याने अंतर वाढलं, अंतर वाढल्याने वेग सुधारला. याची तक्रार मी अर्थातच केलेली नाही.

नाडीचं प्रकरण मात्र गंभीर. घड्याळ मनगटावर हिरवा उजेड टाकतं, रक्त तो किती शोषतं त्यावरून ठोके मोजतं. पट्टा सैल असला तर पावलांचा ताल ठोके म्हणून धरतं. 220 मधून वय वजा केलं की कमाल ठोके मिळतात, असा ढोबळ हिशेब. माझं वय 54, म्हणजे 166. वेताळ टेकडीच्या चढावर आकडा आला 172. गणिताप्रमाणे मी वर पोचायच्या आधीच वर पोचलो होतो.

रात्री अकराला पावलं भरली 9,400. मी हॉलमध्ये येरझारा घालू लागलो.

"दहा हजार कुणा डॉक्टरनं सांगितले का?" बायकोनं विचारलं.

डॉक्टरनं कुठले! 1965 मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं'. तोच आकडा आजवर आमच्या मानगुटीवर बसलाय.

"मग हे घुसळ," म्हणत तिनं रवी हातात दिली. मनगट हलतंय एवढंच घड्याळाला कळतं. उरलेली सहाशे भरली. लोणीही निघालं.

ता. क. : समोरच्या इमारतीतील रहिवाशांस नम्र सूचना. काल पहाटे 5.52 वाजता आपल्या स्वयंपाकघरातून धावत गेलेला इसम मी नव्हतो. नकाशा दाखवून जाब विचारू नये.