भूमिका न घेता निवडून येण्याची कार्यपद्धती
(विधानसभेच्या इच्छुकांसाठी)

सर्वप्रथम कायद्याची बाजू समजून घ्या, म्हणजे जीव भांड्यात पडेल. उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मधलं शपथपत्र द्यावं लागतं. उमेदवाराविषयी जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलं आणि तेव्हापासून हे लचांड मागे लागलं. दाखल गुन्हे, शिक्षण, पाच वर्षांची प्राप्तिकर विवरणं, पत्नीचं सोनं वजनासकट, गाड्या, जमिनी, कर्ज, सरकारी निवासस्थानाचं थकलेलं वीजबिल, सगळं लिहायचं. रकाना कोरा ठेवला आणि सांगूनही भरला नाही, तर अर्ज बाद होऊ शकतो. पण घाबरू नका. आपलं मत काय, हा रकानाच त्यात नाही! आपल्या घरी किती तोळे आहेत हे मतदाराला कळलंच पाहिजे. कांद्याच्या निर्यातबंदीबद्दल आपल्याला काय वाटतं, हे कळण्याची सोय कायद्याने केलेली नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं हा आगाऊपणा आहे.

आता पाठांतर. "आम्ही सकारात्मक आहोत" हे वाक्य रोज सकाळी आरशासमोर म्हणावं. "अभ्यास सुरू आहे" म्हणताना अभ्यास कोण करतंय, याचा उल्लेख टाळावा. "स्थानिकांना विश्वासात घेऊनच" हे म्हणताना आवाज थोडा जड करावा. "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे" हे अस्त्र जपून वापरा, कारण निकाल लागला की ते निकामी होतं. मग "निकालाची प्रत अद्याप वाचलेली नाही" असं म्हणून दोन दिवस काढावेत आणि तिसऱ्या दिवशी समितीची मागणी करावी. समितीत जितके सदस्य जास्त, तितकी बैठकीची तारीख ठरणं अवघड.

आरक्षणासाठी स्वतंत्र वाक्य लागतं आणि ते तयार मिळतं: मराठा समाजाला न्याय मिळालाच पाहिजे आणि ओबीसींच्या ताटातलं कुणी काढता कामा नये. कसं, ते बोलायचं नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाचा कायदा रद्द केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळाने १० टक्क्यांचा नवा कायदा एकमताने मंजूर केला. ज्या विषयावर स्वतःचं मत कुणी धड उघड करत नव्हतं, त्यावर एकमत झालं. नवशिक्यांनी त्या दिवसाचं कामकाज काढून वाचावं.

प्रात्यक्षिकासाठी शक्तिपीठ महामार्ग घ्या. मूळ आखणीनुसार वर्ध्याजवळच्या पवनारहून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटर, १२ जिल्हे. ज्या गावात उसाच्या मळ्यातून मोजणीच्या खुणा गेल्या आहेत, तिथे उपरणं घेऊन धरणं धरणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसावं आणि म्हणावं, "मी आधी शेतकऱ्याचा मुलगा, मग उमेदवार." संध्याकाळी तालुक्याच्या गावी व्यापारी आणि ठेकेदारांच्या स्नेहभोजनात "दळणवळण हाच विकासाचा कणा" इतकंच बोलावं. दोन्हीकडे निवेदन घ्यावं, दोन्हीकडे फोटो काढावा. फक्त दोन्ही फोटो एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाणार नाहीत, याची जबाबदारी एका विश्वासू कार्यकर्त्यावर सोपवावी. सरकारचंही वर्तन मार्गदर्शक आहे: २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर कोल्हापूरपुरतं भूसंपादन मागे घेतलं गेलं आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने याच महामार्गासाठी २० हजार कोटींहून अधिक रकमेला मंजुरी दिली. मधल्या काळात कोण काय म्हणालं होतं, हे आठवणाऱ्याला सभेत माईक देऊ नये.

इथे एक शंका येईल: स्पष्ट बोलायचंच नाही का? बोलायचं, जरूर बोलायचं. देण्याच्या बाबतीत रुपयापर्यंत स्पष्ट असावं. लाडक्या बहिणींना महिना १,५०० मिळत होते. २०२४ च्या निवडणुकीत महायुतीने २,१०० सांगितले, महाविकास आघाडीने ३,०००. याहून नेमकी भूमिका जगात कुठे सापडेल? निवडणूक आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आश्वासनामागचा तर्क आणि पैसा साधारण कुठून येणार, हेही जाहीरनाम्यात दिसावं, अशी २०१४ पासून अपेक्षा आहे. अपेक्षेचा आपण आदर करतो. जाहीरनामा, वचननामा, संकल्पपत्र, शपथनामा, महाराष्ट्रनामा असं दर वेळी नवं नाव शोधण्यातच छपाईची वेळ येते, हिशेबाला पान उरत नाही.

खरं सांगायचं तर मतदारही आपल्याला फार छळत नाही. तो भेटायला येतो तो ट्रान्सफॉर्मरसाठी, बदलीसाठी, दवाखान्यातल्या बिलासाठी, पोराच्या नोकरीसाठी. त्याच्या घरच्या दहाव्याला आपण हजर होतो की नाही, हे तो आयुष्यभर लक्षात ठेवतो. विधेयकावर आपण काय बोललो, हे कुणी विचारत नाही. ज्याने बाजारभावावर, पाण्याच्या वाटपावर, शाळांच्या अनुदानावर काय करणार आणि काय करणार नाही ते कागदावर लिहून वाटलं, त्याचं लोक कौतुक करतात, "माणूस अभ्यासू आहे" म्हणतात आणि मत हायमास्टवाल्याला देतात. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, ही म्हण भूमिकांना लागू नाही.

मतदान संपण्याआधीचे ४८ तास कायद्याने प्रचार बंद असतो. मुद्द्यांबाबत ही बंदी आपण पहिल्या दिवसापासून पाळत असल्यामुळे वेगळी तयारी लागत नाही.

तरीही बोलण्याच्या ओघात एखादी भूमिका निसटलीच, तर निवडून आल्यावर दहावं परिशिष्ट आपल्या पाठीशी आहे. १९८५ साली पक्षांतर रोखण्यासाठी आणलेल्या या तरतुदीनुसार पक्षादेश मोडून मतदान केलं, तर आमदारकी जाऊ शकते. म्हणजे महामार्गाविरुद्ध गावात घेतलेली शपथ सभागृहात मोडताना "माझा नाइलाज होता" असं अगदी खऱ्या मनाने म्हणता येतं. (याच तरतुदीच्या नाकावर टिच्चून अख्खे पक्ष इकडून तिकडे कसे गेले, हा प्रगत अभ्यासक्रमाचा विषय आहे.) आपल्या मताला सभागृहात किंमत नाही हे ज्या मतदाराला कळलं आहे, तो ते विचारत नाही. ज्याला कळलेलं नाही, त्याला आपण कळू देऊ नये.

धोका एकाच जातीच्या माणसापासून आहे. तो सभेत शेवटच्या रांगेत असतो, बहुधा निवृत्त शिक्षक, हातात कात्रणांची फाइल. तो लांबलचक प्रश्न विचारत नाही. "हो की नाही, एवढंच सांगा," म्हणतो, आणि शेजारचा पोरगा मोबाइल वर धरतो. अशा वेळी "गुरुजी, आपल्यासारख्यांचं मार्गदर्शन हवं" म्हणून वाकून नमस्कार करावा आणि ढोलताशाला खूण करावी. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीत पेव्हर ब्लॉकच्या मोजमापाला माणूस पाठवावा. आचारसंहिता आहे, तेव्हा नुसतं मोजमाप. तरीही पुढच्या सभेत ते पुन्हा उठून उभे राहिले, तर फार विचार न करता त्यांना समितीवर घ्यावं.