डिपसाहेब, पंचनाम्यात तुमचं नावच नाही!

श्री. व्होल्टेज डिप यांस,
मु. पो. शेजारचा फीडर, नाशिक.

स. न. वि. वि.

अभिनंदन! सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत तुमची इतकी ये-जा असते, तरी तुमच्या नावावर एक साधी नोंद नाही. लाइट गेली तर निदान बोंब मारता येते. तुम्ही लाइट घालवत नाही; ट्यूब जरा मिचकते, तेवढ्यात सीएनसी मशीन बंद आणि अर्धा कापलेला जॉब भंगारात. तक्रार केली की उत्तर येतं, "तुमचा फीडर तर चालू आहे!" आणि ते खरंही असतं.

कारण गुन्हा घडतो भलतीकडेच. पावसात दुसऱ्याच ११ केव्ही लाइनवर फांदी टेकते, किंवा संक्रांतीला कुणाचा मांजा तारांत अडकतो. तिकडे प्रचंड करंट धावतो, व्होल्टेज उपकेंद्राच्या ट्रान्सफॉर्मरमध्येच खर्ची पडतं आणि त्याच उपकेंद्राच्या बसबारवरचे सगळे फीडर एकदम वाकतात. फॉल्ट उपकेंद्राच्या जितका जवळ, तितके तुम्ही खोल. डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरमधून उतरताना तुम्ही वेषांतरही करता: वर एका फेजचा फॉल्ट, खाली मार दोन फेजना. १३२ केव्हीवर काही झालं तर मग एका तालुक्यावर तुमचं भागत नाही.

त्या लाइनचा ब्रेकर उघडला की तुम्ही पसार. सेकंदाचा अंशच, पण मशीनचा कॉन्टॅक्टर सुटायला तो पुरतो. लाइन पुन्हा चढवली आणि फांदी तिथेच असली, तर तुम्ही परत हजर. (हे सगळं ज्या गावात ब्रेकर बनतात, तिथे. धाडस आहे तुमचं!)

तुमचे खरे वकील मात्र वीजपुरवठ्याचे निर्देशांक. सैफी मोजतो वीज सरासरी किती वेळा गेली, सैडी मोजतो किती वेळ गेली. आयईईई १३६६ या मानकाप्रमाणे ५ मिनिटांपर्यंतचं जाणं 'क्षणिक', त्याचा हिशेब वेगळा. आणि तुम्ही तर वीज घालवतच नाही. नेहमीच्या व्होल्टेजच्या १० ते ९० टक्क्यांच्या मध्ये लोंबकळता! त्यामुळे कागदावर पुरवठा उत्तम, आणि भंगारवाला खूश.

एकच विनंती. पुढच्या वेळी असे अर्धवट येऊ नका. थेट शून्यावर या आणि सहा मिनिटं तरी थांबा. म्हणजे तुमची नोंद होईल आणि मलाही रीतसर तक्रार करता येईल.

आपला,
स्टार्टरचं हिरवं बटण पुन्हा दाबणारा एक नाशिककर