बिजागरीला खण

लाकडी पेटीला पितळी बिजागरी कुणीही लावेल. दुकानात जायचं, जोडी आणायची, स्क्रू पिळायचे. त्यात कलावंत कुठे दिसतो? माझ्या पेटीला कापडाची बिजागरी आहे. पाहुण्यांना हे सांगताना माझा आवाज आपोआप खर्जात जातो.

कारण शास्त्रीयही आहे. सहा मिलिमीटरच्या सागवानी फळीच्या कडेला स्क्रू घातला की ती चिरलीच म्हणून समजा. कापडाला ती भीती नाही. जमाखर्चाच्या लाल चोपड्यांची वर्षभर उघडझाप व्हायची ती कापडी कण्यावरच. बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालत, म्हणजे कसर लागत नसे. मी फेविकॉल वापरला. मोरचूद पाहुण्यांना सांगण्यापुरता. कापड उभ्या धाग्यावर कापायचं, उरेब कापलं तर ताणतं. आणि दुमडीच्या रेघेवर गोंद येऊ द्यायचा नाही, नाहीतर ते तिथेच कडक होऊन तुटतं.

राहिला प्रश्न कापडाचा. आईचं कपाट उघडलं, तर ब्लाउजपीसांचा ढीग.

ब्लाउजपीस शिवण्यासाठी नसतोच, तो देण्यासाठी असतो. डोहाळजेवणात मिळालेला मंगळागौरीला जातो, तिथून सत्यनारायणाला, तिथून कुणाच्या तरी वास्तुशांतीला. कापड कुणाच्याच मापाला पुरत नाही आणि त्या रंगावर जाणारी साडी अजून कुणी विणलेली नाही. घडी मोडायची नाही, कारण मोडली की पुढे देता येत नाही. आमचा एक पोपटी पीस गावभर फिरून घरी परत आल्याचं आई शपथेवर सांगते. कोपऱ्यावर तिनंच पेनानं बारीक फुली मारून ठेवली होती.

ढीग मात्र वाढायचा थांबलाय. चाळत गेलो तर सगळे पीस बाबा असतानाचे. आईला अजूनही बोलावतात, आग्रहानं वाढतात, आणि ओटी भरायची वेळ आली की ‘काकू, जरा आत पोळ्यांकडे बघता का?’ म्हणतात. म्हणणाऱ्या बायका शिकलेल्या आहेत, प्रेमळ आहेत, आणि माझी तिडीक त्यानंच वाढते. ज्या बाईनं तुमच्या बारशाला पन्नास माणसांचा स्वयंपाक ओढला, तिला हातभर कापड देताना तुमचं काय जातं?

आईला असलं बोललेलं चालत नाही. तिनं माझ्या हातातला पोपटी काढून घेतला. “तो द्यायला ठेवलाय.” मग अगदी तळातून मोरपंखी रंगाचा, लाल काठाचा गुळेदगुड्डचा खण उपसला. “हा घे. सरळ काप. आणि कात्री माझी घे, तुझी कागदाची आहे.”

पेटी झाली. येणारा प्रत्येक जण झाकण उघडून-मिटून बघतो आणि काठाचं कौतुक करतो. हाताची सालं निघेपर्यंत पॉलिश पेपरनं घासलेल्या फळ्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही. परवा शेजारच्या काकूंना आई सांगत होती, पेटी मी केली. लाकडाचं तेवढं ह्यानं बघितलं.