स्वस्तात पडलेले स्वित्झर्लंड

गिरगाव, दादर आणि परळ-लालबाग या पट्ट्यातील मध्यमवर्गीय पुरुषांत 'घड्याळ घेऊन आलेला' असा एक स्वतंत्र पोटवर्ग आता चांगलाच स्थिरावला असून, निवृत्तीच्या आगेमागे यात्रा कंपनीबरोबर केलेली युरोपची सहल आणि त्या सहलीत ल्युसर्नला घेतलेले स्विस घड्याळ ही त्याची दोन व्यवच्छेदक लक्षणे होत. वेळ कळावी हा या खरेदीचा हेतू असल्याचा पुरावा मिळत नाही. ज्या परिसरात गिरणीच्या भोंग्यावर पिढ्यानपिढ्या डबे भरले गेले, ज्या शहरात १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही तिच्यामागे सुमारे ३९ मिनिटे रेंगाळणारा 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत नांदला, आणि जिथे लोकल आजही '८.१७ची' म्हणूनच ओळखली जाते, तिथल्या माणसाला वेळ विकत घ्यावी लागत नाही.

त्याच्या वडिलांच्या पिढीत फावर-ल्युबा, आणि पुढे १९६१ पासून बंगळुरात बनू लागलेले एचएमटी, बहुधा लग्नात सासऱ्याकडून येई; ती मानपानाची वस्तू असल्याने तिची किंमत विचारणे अशिष्ट समजले जाई आणि जावयाला कसलाही खुलासा द्यावा लागत नसे. आता मात्र हा गृहस्थ स्वतःच स्वतःचा सासरा होतो आणि त्यामुळे त्याला खुलाशाची निकड भासते. चैन केली असे म्हणणे त्याच्या संस्कारात बसत नाही. बचत केली असे म्हणणे बसते. म्हणून तो आधी बचत खरेदी करतो आणि घड्याळ तिच्याबरोबर येते.

ल्युसर्नच्या श्वानेनप्लाट्झ चौकात, जिथे घड्याळांची दुकाने आणि पर्यटकांच्या बसगाड्या एकमेकांना खेटून असतात, बाकीची मंडळी चॉकलेटे निवडत असताना हा 'करपरतावा' या विषयावर विक्रेत्याची उलटतपासणी घेत असतो. करपरतावा म्हणजे ३०० फ्रँकच्या वरची वस्तू देशाबाहेर नेणाऱ्या परदेशी प्रवाशाला परत मिळणारा मूल्यवर्धित कर. त्याचा दर २०२४ पासून ८.१ टक्के आहे, मात्र तो किमतीत आधीच मिसळलेला असल्याने परतावा छापील किमतीच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास निघतो, त्यातून मध्यस्थाची दलाली जाते, आणि उरलेल्या रकमेसाठी विमानतळावर रांग लावावी लागते. ती रांग हाच या सहलीचा परमोच्च क्षण होय. टिटलिसचा बर्फ त्याच्या स्मरणात तितकासा राहत नाही.

मुंबईत उतरल्यावर या अंकगणिताला पहिला तडा जातो. २०१६ च्या बॅगेज नियमांनी प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतची सूट दिली आणि त्यापुढील किमतीवर ३८.५ टक्के शुल्क बसले; म्हणजे शुल्क भरल्यास बचत संपते आणि न भरल्यास झोप. हिरवा मार्ग, म्हणजे 'जाहीर करण्याजोगे काही नाही' असे सांगणाऱ्यांची वाट, त्याला चारित्र्याची परीक्षा वाटतो, आणि मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून घामाघूम झालेला हा मनुष्य शेवटी लाल मार्गाने जातो. भरलेले शुल्क पुढे कोणत्याही कथनात येत नाही.

कथन मात्र भरपूर होते. घड्याळ 'क्रोनोमीटर' आहे, म्हणजे अधिकृत संस्थेने १५ दिवस तपासून ते दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे या मर्यादेत चालते असे प्रमाणपत्र दिलेले आहे, हे तो पाहुण्यांना पोहे संपेपर्यंत समजावतो. साधे क्वार्ट्झ घड्याळ साऱ्या महिन्यात १५ सेकंदांच्या आसपासच चुकते, हे ऐकणाऱ्यांपैकी कोणी सांगत नाही. मुंबईत एवढे सौजन्य अजून शिल्लक आहे. "इथे घेतलं असतं तर कितीला पडलं असतं, सांगा बघू!" या प्रश्नावर व्याख्यान संपते.

लोकलच्या गर्दीत हे घड्याळ नेता येत नाही, त्यामुळे ते बँकेच्या लॉकरमध्ये राहते. ते 'ऑटोमॅटिक' जातीचे, म्हणजे हाताच्या हालचालीतून चावी घेणारे असल्याने लॉकरमध्ये दोन-तीन दिवसांत बंद पडते, आणि दादरच्या एखाद्या लग्नात अक्षता हातात घेऊन उभा असलेला त्याचा मालक मुहूर्ताची वेळ शेजाऱ्याच्या मोबाइलवर पाहतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यापार करारानुसार स्विस घड्याळांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. पावती, परताव्याची चिठ्ठी, हमीपत्र आणि फ्रँकच्या दराची कात्रणे या गृहस्थाने एका फाइलीत जपली आहेत. या बातमीचे कात्रण तीत नाही.