बोट लागलेला माणूस

बेळगावकडं भरती म्हटलं की कुणाला पाणी आठवत नाही. छातीचं माप आठवतं, सोळाशे मीटर पळणं आठवतं. गाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ अडीच हजार फुटांवर, वर मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच, त्यामुळं गल्लीत एक तरी माजी सुभेदार आणि घरात पलटणीचा एक तरी फोटो असायचाच. समुद्र बघायचा झाला तर माणसं घाट उतरून वेंगुर्ल्याला नाहीतर गोव्याला जातात, चपला हातात धरून घोटाभर पाण्यात उभी राहतात, मासे खातात आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतात. अशा मुलखात लढाऊ बोटींचं वेड लागलेला माणूस निपजावा याला काही कारण नाही. तरी तो निपजतो. निपाणी ते बेळगाव या पाऊणशे किलोमीटरच्या पट्ट्यात असे दोघे-तिघे माझ्या बघण्यात आहेत आणि ते सगळे मिळून एकच माणूस आहेत अशी माझी खात्री पटली आहे. गाव त्याला बोटवाला म्हणतं. आपणही तेच म्हणू.

बोटवाला निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी असतो. तो नौदलात नव्हता. नौदलाच्या परीक्षेला बसला नव्हता. त्याला पोहायला येत नाही. दूधगंगेच्या काठावर राहणाऱ्या आत्याकडं सुट्टीला गेला तरी तो काठावर बसून पोरांचे कपडे राखायचा. त्याचं वेड सरसकट सगळ्या युद्धनौकांचं नाही, हे पाहुण्यानं आधी समजून घ्यावं. नाहीतर तो स्वतः समजावून सांगतो आणि त्याला वेळ लागतो. प्रेम फक्त लहान बोटींवर. विमानवाहू विक्रांतचं कुणी कौतुक केलं की तो कपबशी खाली ठेवतो आणि ‘दोनशे बासष्ट मीटर’ एवढंच म्हणतो, नात्यातल्या कुणाचं वजन फार वाढल्याचं सांगावं तसं. ‘आणि तिला राखायला भोवतीनं चार बोटी लागतात त्या वेगळ्याच.’

त्याची खरी बोट म्हणजे रशियन ओसा. लांबी एकोणचाळीस मीटरच्या आत, वजन दोनशे टनांच्या आसपास, पाठीवर चार स्टिक्स क्षेपणास्त्रं, एकेकाचा पल्ला चाळीस किलोमीटर. १९७१ च्या युद्धाआधी अशा आठ बोटी भारतात आल्या: नाशक, निपात, निर्भीक, निर्घात, वीर, विजेता, विद्युत, विनाश. आंघोळीच्या वेळी लोक गंगा-यमुना-गोदावरी म्हणतात तिथं हा ही आठ नावं म्हणतो. बायको बाहेरून ओरडते, ‘विनाश झाला असंल तर या आता, पाणी संपालंय.’

एका रविवारी त्यानं वखारीच्या अंगणात फक्कीनं अख्खी ओसा आखली, खऱ्या मापाची. आखायला घेतली पाठीमागच्या टोकाकडून, त्यामुळं नाळेकडचा भाग कंपाउंडमध्ये मावला नाही. तेवढा त्यानं भिंतीपलीकडं, शेजारच्या वखारीच्या दारात जाऊन पुरा केला. सोमवारी मालक आले.

‘दिवाणजी, हे काय?’

‘बोट, मालक.’

‘कुठली?’

‘रशियाची.’

मालकांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून बघितलं. ‘पोती किती बसतील?’

‘पोती न्हाईत बसत. चार क्षेपणास्त्रं बसतात आणि तीसेक माणसं.’

‘मग परवडती कशी?’

हा प्रश्न बोटवाल्याला कुणी आजवर विचारला नव्हता. त्यानं मालकांना २१ ऑक्टोबर १९६७ ची हकिगत सांगितली. इजिप्तच्या लहानशा बोटींनी पोर्ट सैदच्या बंदरातूनच क्षेपणास्त्रं सोडून इस्राएलची ऐलात ही विनाशिका बुडवली. एवढंसं गलबत एवढ्या मोठ्या जहाजाला लांबूनच संपवू शकतं हे त्या दिवशी जगभरच्या नौदलांना कळलं. असं झाल्यावर परवडण्याचा हिशोब वेगळा धरावा लागतो. मालक म्हणाले, ‘बरं, बरं. फक्की धुवायला लावा.’

त्याच्याशी बोलताना विषय कुठूनही निघो, १९७१ च्या कराचीवरच्या हल्ल्याला पोचतो. पेट्रोल महागलं म्हणा. तो कराचीतल्या केमाडीच्या तेलाच्या टाक्यांवर येतो. एकदा तवंदीच्या घाटात एक ट्रक बंद पडला होता आणि क्रेनवाला दोर बांधत होता. आम्ही मागं अडकलो. बोटवाला उतरून थेट क्रेनवाल्यापाशी गेला आणि सांगायला लागला. त्या आठ बोटी रशियातून मोठ्या जहाजांवर लादून आल्या तेव्हा त्या उतरवून घेण्याएवढी ताकदीची क्रेन मुंबई बंदरात नव्हती. म्हणून त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि तिथून सगळ्या द्वीपकल्पाला वळसा घालून मुंबईपर्यंत ओढत आणल्या. या बोटी बांधलेल्या किनारा राखायला. इंधन थोडं, पल्ला आखूड. त्यांना घेऊन कराचीवर जायचं म्हणजे वेडेपणा. पण ओढत आणता आणता एक गोष्ट ध्यानात आली, की ओढून नेल्या तर लांब जाता येतं. म्हणजे मुंबईला धड क्रेन असती तर— इथं क्रेनवाल्यानं त्याच्या हातात दोराचं टोक दिलं आणि म्हणाला, ‘काका, हे जरा धरा घट्ट.’ बोटवाला पाऊण तास दोर धरून उभा होता. इतका आनंदी मी त्याला क्वचितच बघितलाय.

४ डिसेंबर १९७१ ची रात्र तो सांगतो तेव्हा मात्र दिवाणजीपणा अंगात येतो. एक नोंद इकडची तिकडं होत नाही. निर्घात, निपात आणि वीर. सोबतीला किल्तान आणि कच्छल. तुकडीचे प्रमुख कमांडर बबरूभान यादव. निर्घातनं खैबर ही विनाशिका बुडवली, आणि खैबरवरच्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की हल्ला विमानानं केलाय. वीरनं मुहाफिज बुडवली. निपातनं दारूगोळा आणणारं व्यापारी जहाज गाठलं आणि मग केमाडीच्या टाक्यांकडं तोंड वळवलं. चार दिवसांनी, ८ डिसेंबरच्या रात्री, एकटी विनाश तलवार आणि त्रिशूळ यांच्या सोबतीनं परत गेली आणि चारही क्षेपणास्त्रं सोडून आली. तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा कराचीत वाढलेले, तरुणपणी कराची बंदरातच नोकरीला होते, ही नोंद तो सर्वात शेवटी करतो आणि समोरच्याच्या तोंडाकडं बघतो. खैबरवरची किती माणसं गेली असं विचारलं तर आकडा सांगतो, पण आवाज खाली येतो. आणि लगेच आपल्या बुडालेल्या खुकरी या युद्धनौकेचा सांगतो: ९ डिसेंबर, १८ अधिकारी, १७६ नौसैनिक. त्यानंतर थोडा वेळ तो खतावणी चाळत बसतो. अशा वेळी चहा मागवावा.

या हकिगतीतला त्याचा सर्वात लाडका भाग रशियनचा आहे. बोटींवरची माणसं व्लादिवोस्तोकला महिनोन्‌महिने शिकून आलेली. मोहिमेत वायरलेसवर ती एकमेकांशी रशियनमध्ये बोलली, म्हणजे ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. पुण्या-मुंबईच्या श्रोत्याला याचं मोठं नवल वाटतं. निपाणीच्या माणसाला वाटत नाही. पुण्यात लक्ष्मी रोडला साडी घेताना आमच्याकडची नवराबायको दुकानदारासमोर कन्नडमध्ये भाव ठरवतात, आणि धारवाडला तीच दोघं मराठीत. ‘ह्यात काय अवघड हाय?’ बोटवाला म्हणतो. ‘आपल्यातली दोन माणसं पाठवली असती तर रशियाला जायचा खर्च वाचला असता.’

त्याचा कायमचा विरोधक म्हणजे गल्लीतले सुभेदार. १७६८ पासूनच्या पलटणीतले. पाण्यावरची लढाई त्यांना मुळातच मान्य नाही.

‘ते सगळं खरं हो दिवाणजी, पण पाण्यात खंदक कुठं खणायचा?’

‘खंदक लागतच न्हाई, सुभेदार. मारायचं आणि पळायचं.’

‘पळायचं?’ सुभेदार खुर्चीत सरळ होतात.

‘अडतीस नॉटनं.’

‘किती का असंना. पळायचं ते पळायचंच.’

हा वाद अनेक वर्षं इथंच येऊन थांबायचा. तो पुढं सरकला गणपतीत.

त्या साली मंडळाचा देखावा कराचीचा करायचा हे बोटवाल्यानं पोरांकडून कबूल करून घेतलं. प्लायवूडच्या तीन बोटी, निळ्या कापडाचा समुद्र, तेलाचे रिकामे डबे म्हणजे केमाडी, आणि तंगूसावरून सरकत जाणारं क्षेपणास्त्र. सगळं ठरलं आणि मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, ‘पण काका, महाराज कुठं बसवायचे?’

‘कुठले महाराज?’

‘शिवाजी महाराज. पुढच्या बोटीवर बसवू की.’

‘अरे खुळ्या, १९७१ साल हाय.’

‘असंना. महाराज नसतील तर वर्गणी गोळा हुईत न्हाई.’

बोटवाला रागानं घरी गेला. रात्रभर जागा होता, असं बायको सांगते. कपाट उघडून पुस्तकं काढत होता. सकाळी दात घासायच्या आधी मंडपात हजर. ‘बसवा,’ म्हणाला. ‘शोभतात.’ आणि तिथंच उभ्या उभ्या खांदेरी सांगितली. १६७९. महाराजांनी मुंबईच्या तोंडावर खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, मायनाक भंडारी बेटावर आणि दौलतखानाचं आरमार किनाऱ्याला. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा मोठ्या. पण रात्र पडली की मराठ्यांच्या लहान होड्या उथळ पाण्यातून, जहाजांच्या बगलेतून, बेटावर सामान पोचवून परत. इंग्रजांना दिसायच्या तेव्हा हाती लागायच्या नाहीत. ऑक्टोबरात मराठ्यांनी इंग्रजांचं डव्ह हे गलबतच धरून नेलं. शेवटी इंग्रजांना बेटाचा नाद सोडावा लागला. आंग्र्यांच्या वेळेला तर वारा पडला की वल्ह्यांची लहान गलबतं मोठ्या गुराबांना दोर लावून लढाईत ओढून न्यायची. ‘म्हणजे ओढायची कला आपलीच,’ बोटवाला म्हणाला. ‘कराचीला फक्त उलटं झालं. मोठ्यांनी लहानांना ओढलं.’ गर्दीत सुभेदार उभे होते. ते एवढंच म्हणाले, ‘महाराजांचं गनिमी काव्यात बसतंय हे. मग त्याला पळणं म्हणत न्हाईत.’ बोटवाल्याच्या आयुष्यातला हा एकमेव तह.

देखावा गाजला. मराठी निवेदन बोटवाल्यानं स्वतः लिहिलेलं, बावीस मिनिटांचं. कन्नड निवेदन बँकेतल्या एका मित्रानं तीन मिनिटांत आटोपलं होतं. टाळ्या त्याला जास्त पडल्या. तिसऱ्या रात्री तंगूस ढिला झाला आणि क्षेपणास्त्र खैबर सोडून मुख्य देणगीदाराच्या फलकावर जाऊन आदळलं. देणगीदार पहिल्या रांगेत होते. पुढच्या वर्षी मंडळानं अष्टविनायक केले.

सीमाप्रश्नात बोटवाल्याची भूमिका जरा स्वतंत्र आहे. ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी’ ही घोषणा तो लहानपणापासून ऐकत आला, मोर्चात देतोही. पण त्याचा आवाज चढतो तो फक्त दुसऱ्या शब्दाला. कारण कारवारच्या टागोर किनाऱ्यावर चपळ उभी आहे. आयएनएस चपळ, ओसाच्या दुसऱ्या पिढीतली, २००५ साली निवृत्त झाली आणि मग किनाऱ्यावर चढवून तिचं संग्रहालय केलं. खानापूर, रामनगर, जोयडा, अणशीचा घाट अशा वाटेनं तो दर वर्षी तिच्या भेटीला जातो, बरोबर बेळगावचा कुंदा घेऊन. कुणासाठी, ते त्यालाही ठाऊक नसावं. शेवटी तिकिटाच्या खिडकीवर देतो.

‘मी खाली वाळूत बसतो, तुम्ही या बघून,’ बायको म्हणते. तिनं ती बोट इतक्यांदा बघितली आहे की क्षेपणास्त्राच्या कोठाराचं झाकण कुठल्या बाजूला उघडतं हे ती सांगू शकते. बोटवाला आत जातो आणि तासाभरात तिथला कर्मचारीच होतो. एखादा बाप पोराला सांगत असतो, ‘हीच बोट बघ, हिनं कराची जाळली.’ बोटवाल्याला राहवत नाही. ‘ही न्हवं, पाव्हणं. ही १९७६ ची. हिच्या थोरल्या बहिणी गेलेल्या.’ बाप ओशाळतो, पोरगं हिरमुसतं. ते हिरमुसलं की बोटवालाही कासावीस होतो आणि मग त्या पोराला चपळीचा कानाकोपरा दाखवत फिरतो. बाप बाहेर भेळ खाऊन येतो.

पाण्यावरच्या बोटीत तो बसला तो एकदाच, मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाला जाताना. जेमतेम पंधरा मिनिटांचा रस्ता. पाचव्या मिनिटाला त्याचा चेहरा पांढरा, सातव्या मिनिटाला तो कठड्यावर ओणवा. बोटवाल्याला बोट लागली, ही बातमी निपाणीत त्याच्या आधी पोचली. सुभेदारांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फक्त तो दिसला की ते खिशातून आवळासुपारी काढून पुढं करतात.

गेल्या वर्षी त्याचा भाचा अग्निवीर म्हणून नौदलात लागला. ओडिशात चिल्काला प्रशिक्षणाला निघाला तेव्हा बेळगावच्या स्टेशनवर अख्खं घर जमलं होतं. आईनं लाडू दिले, मामानं दोनशे पानी वही दिली आणि डब्याच्या खिडकीतून सांगितलं, ‘साहेबांनी विचारलं तर लहान बोट सांग. लाजू नको.’ पुढं काही महिन्यांनी पोराची नेमणूक झाली ती नेमकी विक्रांतवर. बहिणीच्या घरी पेढे वाटले. वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर फोटो आला. बोटवाल्यानं पेढा खाल्ला, फोटो कापून वहीत लावला आणि कुणाशी काही बोलला नाही. रात्री भाच्याचा फोन आला.

‘मामा, लई मोठी हाय ओ. आठ दिवस झाले, अजून जेवणाची जागा सापडत न्हाई. वाट चुकतोय रोज.’

बोटवाल्याचा चेहरा उजळला.

‘मी काय म्हणत होतो? घाबरू नको. सहा महिने काढ, आणि मग हळूच विचार, आसपास लहान काही रिकामी हाय काय म्हणून.’