भाऊसाहेबांचा लांबलेला श्रावण

"अगं, तुला म्हणून सांगते, कुठे बोलू नकोस," असं म्हणून काकूंनी कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकलं की समजायचं, बातमी दूधवाल्यापर्यंत केव्हाच पोचलेली आहे.

बातमी एवढीच, की कोपऱ्यावरच्या बंगल्यातले भाऊसाहेब प्यायचे थांबले आहेत.

आमच्या साताऱ्याच्या कॉलनीत याची कुणकुण तशी उशिराच लागली. गटारीला मनसोक्त बसायचं आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायचा, हा तर सगळ्याच घरांतला रिवाज. श्रावणात नाही म्हणणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. मग गणपती बसले. पितृपक्ष झाला, नवरात्र देवीचं म्हणून सोडलं. दसऱ्यालाही काही नाही. शेवटी कोजागिरीला गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे पुरुषमंडळींचं जे 'वेगळं दूध' असतं, तिकडे भाऊसाहेब फिरकलेच नाहीत. केशर घातलेलं दूध पीत बायकांबरोबर भेंड्या लावत बसले. तेव्हा मात्र कॉलनीला घोर लागला.

"लिव्हर असणार," असं समोरच्यांचं म्हणणं. कुणी म्हणालं, मुलीला स्थळं बघतायत. एकाने तर ते सत्संगाच्या बैठकीला जाऊ लागल्याचंही ठरवून टाकलं. माणूस पितो का, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. का सोडली, याची मात्र चौकशी समिती बसली! महाराष्ट्रात दारू प्यायला आजही कायद्याने परवाना लागतो, १९४९चा दारूबंदी कायदा आहे तो. पण सोडायला कॉलनीचा परवाना लागतो, हे मला यंदा कळलं.

"आणि काकू, म्हणे वहिनीच चहातून काहीतरी देतायत," मी हळूच पुडी सोडली.

काकू एकदम उसळल्या. सरकारी दवाखान्यात त्यांनी जन्मभर सिस्टरची नोकरी केली, त्यामुळे या विषयात त्यांच्याशी वाद नको. "चहातून देतात म्हणे! असलं बोलू नये आणि करू तर त्याहून नये. डायसल्फिराम नावाचं औषध आहे खरं. पण पेशंटला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. त्यावर दारू पोटात गेली तर तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी खाली येतं. जिवावर बेततं गं! ज्याला औषध दिल्याचं ठाऊकच नाही, तो संध्याकाळी पिणारच की."

मग खरं कारण काय? ते काकूंना ठाऊक होतं, कारण भाऊसाहेब बीपी तपासायला त्यांच्याकडेच येतात. सिस्टरने पेशंटचं असं बाहेर सांगावं का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "मी रिटायर आहे."

झालं असं, की भाऊसाहेब नेहमी अभिमानाने सांगायचे, 'मी दारू घेत नाही, फक्त बिअर.' रोज संध्याकाळी एक बाटली, शनिवार-रविवार दोन. काकूंनी कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडून दाखवला. साडेसहाशे मिलीची स्ट्राँग बिअर, आठ टक्क्यांची. म्हणजे बाटलीत निव्वळ अल्कोहोल बावन्न मिली. व्हिस्कीच्या तीस मिलीच्या स्मॉल पेगमध्ये ते तेरा मिलीच्या आत-बाहेर असतं. म्हणजे एक बाटली झाली चार स्मॉल. रविवारचे आठ!

"बोलले काहीच नाहीत," काकू म्हणाल्या. "कॅलेंडरचं पान मात्र घेऊन गेले."

"पण काकू, ते कधी झिंगलेले दिसले नाहीत. नोकरी नीट, हप्ते नीट."

"तीच तर गोम आहे."

हे मलाही पटलं. आपल्याकडे पिणाऱ्यांच्या दोनच जाती. एक बेवडा, दुसरा 'कधीमधी घेणारा'. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं, बालगंधर्वांनी सिंधू केली आणि घराघरांत त्यातला दारुडा सुधाकर हेच माप होऊन बसलं. सनद गेली, बायको दळण दळू लागली, तरच दारू वाईट! तोवर सगळं आलबेल. शंभर वर्षं झाली, तरी आपण प्रत्येक पिणाऱ्याला सुधाकराशी ताडून पाहतो आणि 'आपण तसे नाही' म्हणून पुढचा ग्लास भरतो. दारूने कर्करोग होतो, हे तज्ज्ञांनी १९८८ सालीच नोंदवलं आहे. कितीही कमी घेतली तरी ती निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली स्वच्छ सांगितलं. हा धोका असायला सुधाकर व्हावं लागत नाही.

"मात्र सगळ्यांनी भाऊसाहेबांसारखी एका दिवसात सोडू नये हं," काकूंनी बोट उगारलं. "ज्याचे सकाळी हात कापतात आणि घेतल्यावरच थांबतात, त्याने एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात. अशाने आधी डॉक्टरांना दाखवायचं. मग पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे." ते १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. लं.नी त्याला मोठी मदत केली. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा मराठीतही होतात, तिथे फी नसते आणि दारू सोडायची इच्छा एवढीच अट.

"वहिनी खूश असतील," मी म्हटलं.

"कसली खूश! वैतागल्यात. सात वाजले की हा माणूस स्वयंपाकघरात. डबे लावतो, फोडणीत नाक खुपसतो. मालिका बघू देत नाही. शिवाय चिडचिड, आणि गोड तर इतकं लागतं म्हणे, अर्धा किलो जिलेबी दोन दिवसांत संपते." दारू सुटली की गोडाची ओढ बऱ्याच जणांना लागते, हेही काकूंनीच सांगितलं. "पण परवा दोघं अजिंक्यताऱ्यावर फिरायला गेले होते, संध्याकाळचे. कित्येक वर्षांनी."

आता दिवाळी आली. पाडव्याला टाकीमागची बैठक भरेलच आणि कुणीतरी भाऊसाहेबांच्या खांद्यावर हात टाकून 'एक तर घ्या, सणाची' म्हणेल. त्यांना चकली द्या, हवं तर जिलेबी जास्त वाढा. पण 'का सोडली' आणि 'पुन्हा कधी सुरू करणार', हे दोन प्रश्न यंदा कुणी विचारू नका.